नव्या टाइल्सवरच्या करड्या रेघा

पहिली रेघ मला सोमवारी संध्याकाळी दिसली. ती दिसली नसती तर पुढचं रामायण घडलंच नसतं, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. हिचं असंही म्हणणं आहे की ऑफिसातून आल्यावर माणसाने आधी पाणी प्यावं, मग जमिनीकडे बघावं. पण हॉलमध्ये नव्या टाइल्स बसवून जेमतेम महिना झाला होता आणि मी घरात शिरलो की आधी त्यांच्याचकडे बघत असे. सायीच्या रंगाच्या, गुळगुळीत, वरची ट्यूबलाइट आत दिसेल अशा! येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दारातच "जरा पाय पुसून हं" म्हणायचो. त्यामुळे येणारे-जाणारे कमी झाले होते, ते सोडा.

तर रेघ. वीतभर लांब, करडी, कुणी पेन्सिलीने ओढावी तशी. आप्पांच्या खोलीच्या दारापासून निघून हॉलमध्ये जरा आत आलेली. मी थुंकी लावून बोट फिरवलं. जाईना. नखाने खरवडलं. जाईना. ओल्या फडक्याने घासलं, तर आजूबाजूची फरशी आणखी चमकायला लागली आणि रेघ जास्तच उठून दिसायला लागली.

"ही कुठून आली?" मी ओरडलो.

"मला काय माहीत? मीही आत्ताच येतेय ना," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आप्पा, दुपारी कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?" आप्पा आतून म्हणाले. "मी आणि हा पंखा. दोघंही जागच्या जागी."

आप्पा म्हणजे माझे वडील. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला गेले आणि डब्यासकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलंही. "आता रोज चालायचं," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चालायला वॉकरही होता. तो ताईच्या कैलासवासी सासऱ्यांचा, ताईने तात्पुरता आणून दिलेला, अगदी कोरा करकरीत. कारण बिचारे सासरे तो वापरायच्या आधीच गेले. पण आप्पा काही हलेनात. मी धरायला गेलो की "दुखतंय." ही गेली की "उद्या बघू." एकदाच मला हळूच म्हणाले, "अरे, तुम्ही बघत असलात ना, की मला पडेनसं वाटतं."

शेवटी माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, फोनवर कडाडली. "बाब्या, तुम्ही दोघं दिवसभर नोकरीवर. म्हातारा माणूस असा पलंगावर किती दिवस ठेवणार? पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येते. चालायला लागले असले तर ठीक, नाहीतर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाते. कायमचं."

आप्पांनी ते ऐकलं. भिंतीकडे तोंड करून झोपले. लेकीवर त्यांचा जीव, पण आपली खिडकी, आपला पेपर, आपला पलंग सोडून दुसऱ्याच्या घरी पडून राहायचं या कल्पनेनेच त्यांचं जेवण कमी झालं. आणि मला विचाराल तर, मला ते जायला नको होते. आई गेल्यावर हे घर आप्पांमुळेच घर राहिलं होतं. हे मी कुणाला बोललो नाही. मी रेघेच्या मागे लागलो.

मंगळवारी सकाळी कामाच्या मावशी आल्या. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की मावशी, बादली जरा ओढत नेता का? मावशींनी फडकं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले. "साहेब, माझी बादली प्लास्टिकची आहे. फडकं सुती आहे. जीभ तेवढी लोखंडी आहे. काढू का बाहेर?"

मी नको म्हटलं. तरी त्यांनी थोडी काढलीच.

संध्याकाळी बघतो तर रेघेची सोबतीण आली होती. दोघी शेजारी शेजारी, आणि या वेळी पार सोफ्यापर्यंत. आता मात्र मी चंग बांधला. शर्टाच्या बाह्या वर केल्या, स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली आणि असा काही घासायला बसलो की यंव! घाम पुसून खाली बघितलं तर रेघ गेली होती. तिच्या जागी ताटाएवढा करडा ढग आला होता.

"तारेने घासलंत?" हिने कपाळावर हात मारला. "अहो, तारसुद्धा धातूच ना!"

हे आधी सांगायला काय झालं होतं?

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण विज्ञान काही निवृत्त झालेलं नाही. आम्ही सगळे त्यांना प्रयोगकाका म्हणतो. त्यांनी दारात उभं राहून ढग बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सोपं आहे. लिंबू लावा. त्यावर खायचा सोडा टाका."

लावलं, टाकला. फेस इतका सुरेख आला की आम्ही दोघंही कौतुकाने बघत राहिलो. फेस बसला. ढग होता तसाच.

"अच्छा," प्रयोगकाका म्हणाले. "म्हणजे आम्लाने सोडा मारला आणि सोड्याने आम्ल. दोघांनी मिळून डागाला हात लावला नाही. प्रयोग म्हणून उत्तम झाला."

"काका, मला प्रयोग नकोय, फरशी हवीय."

"मग टूथपेस्ट लावा. पांढरी हवी."

आमच्याकडे निळी होती. निळी तर निळी! अख्खी ट्यूब पिळून मी ढगावर पसरली आणि पाणी आणायला उठलो. पुढचं मला नीट आठवत नाही. पाय पुढे गेला एवढं खरं. मी मागेच राहिलो. मग मला ट्यूबलाइट दिसली, फरशीतली नव्हे, खरी, वरची. सगळीकडे पुदिन्याचा गार वास. ही धावत आली, प्रयोगकाका "हलू नका, हलू नका" म्हणत स्वतःच हलायला लागले, आणि आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, "वॉकर हवा का रे? माझा पडूनच आहे."

बाप असला म्हणून काय झालं, माणसाने काही वेळ-काळ बघावा की नाही?

कंबर धरली ती धरलीच. पण मी माघार घेणाऱ्यातला नाही. आमच्या खात्यात एक फाइल मी नऊ टेबलांवरून मागे फिरवून आणलीय, तिथे ही रेघ काय चीज आहे! मी टाइल्सच्या कंपनीला फोन लावला. एका बाईंनी सांगितलं, बिलासाठी एक दाबा, रंगासाठी दोन दाबा. रेघेसाठी काहीच नव्हतं, म्हणून मी एक आणि दोन आलटून पालटून दाबत राहिलो. शेवटी एक जिवंत माणूस मिळाला. त्याने विचारलं, "खोक्यावरचा नंबर सांगा." खोकं रद्दीत गेलं होतं. "मग टाइलच्या मागचा सांगा." मी म्हटलं, अहो भल्या माणसा, टाइलच्या मागे सिमेंट आहे आणि सिमेंटच्या मागे खालच्या काकू आहेत. तो म्हणाला, "काकूंकडून बघता येईल का?"

पण चिकाटीला फळ आलं. कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय बांधलेला. तो हॉलमध्ये चक्क पालथा झोपला, भिंगातून बघितलं आणि उठून कपडे झटकत म्हणाला, "डाग टाइलवर आहे, टाइलमध्ये नाही. म्हणजे आमच्या दृष्टीने हा डागच नाही."

"मग हे काय आहे? माझी नजर?"

"साहेब, तुमची टाइल कडक आहे, अभिनंदन. तिच्यावरून काहीतरी मऊ धातूचं ओढलं जातंय. ॲल्युमिनियम वगैरे. टाइलला चरा जात नाही, धातूच झिजून वर बसतो." त्याने इकडेतिकडे बघितलं. "दुपारी घरी कोण असतं?"

"वडील. पण ते पलंगावरून उठत नाहीत."

आतून आप्पांना जोराचा खोकला आला.

त्याच संध्याकाळी जिन्यात खालच्या काकूंनी मला गाठलं. "काय हो, दुपारी तुमच्याकडे फर्निचर ओढता का? रोज आपलं खर्र, खर्र. माझा डोळा लागला रे लागला की सुरू."

"काकू, दुपारी आमच्याकडे फक्त आप्पा, तेही पलंगावर."

"मग मला काय भास होतात?"

मी तसं म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर उमटलं असावं. काकू तरातरा निघून गेल्या. आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं समोर असताना या माणसाला कळलं कसं नाही? नाही कळलं! माणूस गुडघ्यावर बसून फरशी घासत असला की त्याला फक्त फरशी दिसते. मी सगळ्या खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले. ऑफिसला बिनमोज्याचा गेलो. स्टीलचा कचऱ्याचा डबा गॅलरीत हलवला. तरी दुसऱ्या दिवशी रेघा सोफ्याला वळसा घालून पुढे गेलेल्या. गॅलरीच्या दारापर्यंत!

"माझं दंतमंजन लावून बघ," आप्पा अचानक म्हणाले.

आप्पा जन्मभर पांढऱ्या दंतमंजनाने दात घासत आले आहेत. त्या डब्यावरून मी त्यांना कितीदा चिडवलंय. पण आता मी लाज गुंडाळून ठेवली, ओल्या फडक्यावर चिमूटभर घेतलं, गोल गोल फिरवलं आणि काय सांगू, फडकं काळं आणि टाइल पांढरी! ढगसुद्धा गेला. मी "आप्पाऽऽ!" अशी आरोळी ठोकली.

"गेली ना?" आप्पा म्हणाले. आवाज मोठ्या संकटातून सुटल्यासारखा. "मग झालं तर. रोज पुसत जा."

तेव्हा ते रोज पुसत जा का म्हणाले, हेही मला कळलं नाही.

मी रोज पुसायला लागलो. रोज नव्या रेघा, रोज लांब. मी संध्याकाळी कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसायचो, दारापासून सुरू करून गॅलरीपर्यंत रांगत जायचो. आणि एका बुधवारी, सोफ्याच्या वळणावर, कंबरेत अशी काही चमक निघाली की मी चारी पायांवर तसाच थिजलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हिने आणि प्रयोगकाकांनी मिळून मला उचललं. मान वळवली तर आप्पा पलंगावर उठून बसले होते आणि दारातून माझ्याकडे बघत होते. या वेळी ते वॉकरबद्दल काही बोलले नाहीत.

गुरुवारी एकही रेघ नव्हती.

शुक्रवारीही नव्हती. मी लंगडत लंगडत सगळा हॉल तपासला. स्वच्छ! "जिंकलो!" मी हिला म्हटलं. "शेवटी कंटाळल्या त्या. माझ्या चिकाटीपुढे कोण टिकणार?"

तेवढ्यात ताईचा फोन. "परवा येतेय. चालले का?"

मी आत बघितलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताटातलं अर्धं तसंच होतं. "नाही," मी म्हणालो.

"मग त्यांचे कपडे भरून ठेवा," ताई म्हणाली. तिचाही आवाज काही बरा नव्हता.

रेघा गेल्याचा आनंद कुठल्या कुठे पळाला. कंबर ठणकत होती, म्हणून आप्पांच्या खणातला बाम शोधायला गेलो. आप्पांचा डोळा लागला होता. खणात बामाच्या मागे पेपरात गुंडाळलेली, दोऱ्याने घट्ट बांधलेली एक पुडी. मला वाटलं गोळ्या. सोडली, तर आत चार काळ्या रबरी टोप्या. कोऱ्या करकरीत.

मी वॉकरकडे बघितलं. चारही पाय उघडे. ॲल्युमिनियमची टोकं झिजून चकचकीत झालेली.

मी मटकन खाली बसलो, कंबर विसरून. सगळं डोळ्यांपुढून गेलं. पहिल्या दिवशी दाराबाहेर वीतभर. मग सोफा. मग गॅलरी. घरात कुणी नसताना, कुणी बघत नसताना हा माणूस रोज चार पावलं जास्त चालत होता, आणि मी रोज संध्याकाळी ती पावलं दंतमंजनाने पुसत होतो. आणि मग त्यांनी मुलाला गुरासारखं चारी पायांवर अडकलेलं बघितलं आणि चालणंच थांबवलं. माझ्या कंबरेसाठी! माझे डोळे भरून आले. खरं तर मला रडायलाच येत होतं, पण ठसका लागला असता तर ते जागे झाले असते.

स्वयंपाकघरात जाऊन हिला टोप्या दाखवल्या. ती खुर्चीचा मोजा काढून त्यालाच डोळे पुसायला लागली.

"पण टोप्या काढल्या कशाला?" ती म्हणाली.

"परत द्यायच्यात ना वॉकरबरोबर! वस्तू आणली तशी परत गेली पाहिजे. आप्पांना तू ओळखत नाहीस? सोफ्याचं प्लास्टिक काढू दिलं नव्हतं त्यांनी."

"मग जाऊन सांगा त्यांना, की आम्हाला कळलंय, चाला म्हणून."

"अगं, कळलं म्हटलं की संपलं. मग ते आपल्यासमोर चालतील का?"

मी पुडी पुन्हा तशीच बांधून खणात ठेवून आलो. मग माझ्या डोक्यात एक युक्ती आली. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून फरशी खराब करायचं ठरवलं.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी आप्पांच्या खोलीत गेलो. "हा वॉकर जरा पलीकडे ठेवतो हं, मध्ये येतोय," म्हणत तो उचलायच्या ऐवजी दाबून असा ओढत नेला की हॉलभर खर्रर्र! हातभर लांब रेघ. माझ्या काळजावरून गेली म्हणा ना. "अरेच्चा!" मी मोठ्याने म्हणालो. "याचीही पडते की काय? पण आता कोण घाबरतंय!" दंतमंजन, फडकं, आणि कमरेची सगळी हाडं ओरडत असताना, हसत हसत, खाली बसून, दोन फेऱ्यांत रेघ साफ. "बघा आप्पा. चुटकीसरशी. आता दिवसाला शंभर पडल्या तरी मला काही वाटणार नाही. उलट व्यायाम होतो."

आणि उठलो. कसा उठलो ते माझं मला माहीत.

आप्पा माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. "दुखत नाही ना रे?"

"छे! कुठे काय?"

मग वॉकर उचलून आप्पांच्या पलंगाशी परत ठेवला आणि आम्ही दोघं मुद्दाम दार आपटून बाहेर पडलो. "आप्पा, बाजारात जातोय हो, वेळ लागेल," असं हिने जिन्यातूनही ओरडून सांगितलं. आणि एक जिना उतरून खालच्या काकूंची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं ते रागातच. पण हिने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि काकूंनी तोंडावर हात ठेवला. आम्ही तिघं त्यांच्या सोफ्यावर ओळीने बसलो, माना वर करून. वरती चिडीचूप. काकूंनी चहा आणला. चहा गार झाला. वर काही नाही. मी मनातल्या मनात आप्पांची बॅग भरायला लागलो. त्यांचा चष्मा, कानटोपी, दंतमंजनाचा डबा.

आणि खर्र.

हिने माझं मनगट पकडलं. थोड्या वेळाने पुन्हा, खर्र. "दारापाशी," मी कुजबुजलो. खर्र, खर्र. "सोफा." आमच्या तिघांच्या माना आवाजाबरोबर हळूहळू वळत होत्या. सोफ्याच्या वळणावर आवाज थांबला. थांबला तो थांबलाच. मी उठायला लागलो, काकूंनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. "जरा दम खाऊ द्या त्यांना," त्या दटावून म्हणाल्या. आणि मग खर्र झालं, गॅलरीपर्यंत गेलं, आणि तिथून परत फिरलं. परत! पलंगापर्यंत! काकू पदराने डोळे पुसत होत्या. "उद्यापासून मी दुपारची झोपणारच नाही मेली," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी गेलो. हॉलमध्ये जाताना एक आणि येताना एक, अशा रेघांच्या जोड्या. आप्पा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्याचं सोंग करत होते. मी पुसायला बसलो. इतक्या प्रेमाने मी आजवर काही पुसलं नसेल.

रविवारी सकाळी बेल वाजली. मी उठलो. "थांब," आप्पा आतून म्हणाले. "मी उघडतो."

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभे. ते आले. खर्र, खर्र. आमच्याकडे बघितलं नाही. कडी काढली. दारात ताई, हातात रिकामी मोठी बॅग. तिने आप्पांना बघितलं, वॉकर बघितला आणि बॅग तिच्या हातातून गळून पडली.

"ये," आप्पा म्हणाले. "पाय पूस हं. नाहीतर हा ओरडतो."

ताईने त्यांना मिठी मारली, रडली, हसली आणि मग खाली वाकून किंचाळली, "आप्पा! टोप्या कुठेत याच्या? पडला असतात ना!"

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली. सकाळीच काढून ठेवली असणार. "घे. तुझ्या सासऱ्यांची अमानत. चारही कोऱ्या आहेत, बघून घे."

"अहो, त्या घालून चालायचं असतं!"

"परक्याची वस्तू झिजवून परत देऊ?"

"परक्याची? मी परकी?"

"तू नाहीस गं. ते व्याही होते."

ताईने ऐकलं नाही. जमिनीवर बसून तिने चारही टोप्या स्वतःच्या हाताने चढवल्या. "आता चाला."

आप्पांनी वॉकर ढकलला. हलेना. पुन्हा ढकलला. रबर नव्या टाइलला घट्ट चिकटून बसलं. इतके दिवस ते सरकवत नेत होते, उचलून ठेवायची सवयच नव्हती. "हे काय? अडतंय हे," ते वैतागले. त्यांनी वॉकर बाजूला सारला, एक हात भिंतीला टेकवला आणि दुसरा माझ्याकडे केला. सगळ्यांसमोर. "बघत काय राहिलास? धर."

मी पुढे झालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, चांगला भार दिला. माझी कंबर कुरकुरली, पण मी हूं की चूं केलं नाही. बाप-लेक लंगडत लंगडत निघालो, दारापासून सोफ्याकडे. हॉलच्या मधोमध आप्पा थांबले. मला वाटलं, दमले. ते मान खाली घालून फरशीकडे बघत होते.

"ती बघ," ते म्हणाले आणि दुखऱ्या पायानेच दाखवलं. "तिथे एक राहिलीय."